मी त्याला ओळखते

एखादा माणूस चहाच्या कपावर डोळे मिटून देवाचे आभार मानतो, एवढ्यावरून तो सज्जन आहे असं धरून चालण्याचा मूर्खपणा मी केलेला आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याविषयी तुम्हाला उगाच आदर वाटायला नको. ही चूक आपल्या ख्रिस्ती मंडळीतली माणसंच करू जाणतात. बाहेरचे लोक नवा माणूस भेटला की चार ठिकाणी चौकशी करतात. आपण फक्त बघतो, खाण्याआधी याने मान खाली घातली का, आणि "आमेन" घाईत म्हटलं की सावकाश. सावकाश म्हटलं, की घराची किल्ली त्याच्या हातात द्यायला आपण मोकळे.

तेव्हा माझी साठी जवळ आली होती. त्या बाईला मी 'तरुण मी' म्हटलं की नातवंडं हसतात. पण आज ऐंशीच्या उंबरठ्यावरून मागे पाहताना ती मला अगदीच पोरसवदा दिसते. केसांना मेंदी, खांद्याला पर्स आणि डोक्यात हवा. हवा कशाची, तर आवाजाची. पिंपरीकडच्या एका मोठ्या कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून जन्म काढला. इंग्रजी मिशनच्या शाळेतलं, उच्चार खणखणीत. आमचे एक साहेब म्हणायचे, "बाई, तुम्ही फोन उचललात की आपला कारखाना आहे त्याच्यापेक्षा मोठा वाटतो." हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं, कुणी विचारलं नसतानाही, लोकांना ऐकवलं. मग परदेशी कंपन्या आल्या, आपोआप जोडणारी एक्सचेंजं आली आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यात स्वेच्छा नेमकी कोणाची होती ते मला अजून कळलेलं नाही. यजमान त्याआधीच प्रभूकडे गेले होते. पुण्यात, घोरपडीच्या दोन खोल्यांत मी, मुलगा आशिष आणि सून सुनीता. सुनीता पोटुशी होती, आणि भोसरीच्या ज्या वर्कशॉपमध्ये आशिष कामाला होता त्यांनी मंदीत बरीच माणसं घरी पाठवली, त्यात हाही आला.

आशिषने मग सॉफ्टवेअर तपासण्याचा कोर्स केला. त्या वर्षांत पुण्यात ज्याला त्याला हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचीच बस पकडायची होती. पण मंदी तिथेही पोचलेली. जाईल तिथे एकच प्रश्न, अनुभव किती? अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. संध्याकाळी घरी येऊन तो दारात बूट काढायचा, तो आवाजसुद्धा दिवसेंदिवस बारीक होत गेला. आई असलेल्या कुणालाही मी काय म्हणते ते कळेल.

अशात एका घरप्रार्थनेत शांतवन भेटला. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, मऊ बोलणारा. नुकताच आमच्या मंडळीत येऊ लागला होता. चहा आला तेव्हा बाकी सगळे गप्पांत. याने मात्र कप हातात धरून डोळे मिटले. मी सुनीताला कोपराने ढोसलं, "बघ, याला म्हणतात संस्कार." सुनीता म्हणाली, "आई, चहा निवतोय त्यांचा." तिला तेव्हाच दिसलं असावं. मला नाही दिसलं. शांतवन माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "काकू, तुमचा आवाज घरात वाया चाललाय." झालं! एवढं पुरे होतं. मासा गळाला लागायला निदान गांडूळ तरी लागतं. मला नुसती स्तुती पुरली.

काम त्याने असं समजावलं. लहान लहान कंपन्यांना फोन घ्यायला स्वतंत्र माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून त्या सगळ्यांचे फोन तो एकाच जागी घेतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एका बोर्डवर अख्ख्या कारखान्याच्या लाइनी सांभाळलेली बाई मी. डेक्कनच्या बाजूला एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. एक लांब टेबल, त्यावर ओळीने फोन, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. लाल वाजला की मी एका कंपनीची, हिरवा वाजला की दुसरीची, निळा वाजला की तिसरीची. प्रत्येक फोनमागे त्या कंपनीचं कार्ड: पत्ता, आणि तिथे काम करून गेलेल्या मुलांची नावं. बाहेरून कुणी विचारायचं, "अमुक मुलगा आपल्याकडे होता का?" मी कार्डावर बघायचे आणि सांगायचे, "हो, होता." "वागणूक कशी होती?" "उत्तम." एवढंच काम. पण मला एवढ्यावर थांबवतंय कोण! ज्या मुलांचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांच्याबद्दल मी भरभरून बोलायचे. मेहनती, वेळेचा पक्का, शब्दाला जागणारा. समोरची मंडळी खूश, शांतवन खूश, आणि मी तर काय, पुन्हा एकदा कारखाना आहे त्यापेक्षा मोठा करून दाखवत होते.

सदाशिव पेठेत माझे डोळ्यांचे डॉक्टर होते. एके सकाळी तिथून निघताना आठवलं, लाल फोनवाल्या कंपनीचा पत्ता इथलाच, पुढच्याच गल्लीतला. म्हटलं, जाऊन बघावं आपली कंपनी. खरं सांगायचं तर आत जाऊन "मीच ती" म्हणायचं होतं. आवाजावरून लोक ओळखतील, खुर्ची देतील. इमारत सापडली. जिना चढले. दारावर सुबक अक्षरात पाटी होती: "येथे कोणतीही सॉफ्टवेअर कंपनी नाही, नव्हती व नसेल. बेल वाजवून खात्री करू नये." मी पाटी वाचली, आणि बेल वाजवली.

धोतरातले एक आजोबा बाहेर आले. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "वाचता येतं ना आपल्याला?"

"येतं. पण मला वाटलं..."

"वाटायचं असेल तर खाली रस्त्यावर उभं राहून वाटावं. कंपनीची पत्रं आमच्याकडे, कुरिअर आमच्याकडे, चौकशीला येणारी माणसंही आमच्याकडे. चाळीस साली माझा जन्म या घरात झाला. तेव्हाही इथे संगणक नव्हता." आणि दार लावता लावता त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

जिन्याच्या कठड्याला धरून खाली आले. इतक्या मुलांविषयी मी "हो, होता" म्हटलं, ते सगळे कुठे होते? कुठल्या खुर्चीवर बसले होते? आजोबांच्या स्वयंपाकघरात? मला एकदम माझाच आवाज ऐकू आला, मेहनती, वेळेचा पक्का. तुमचं हो म्हणजे हो असू द्या आणि नाही म्हणजे नाही, एवढंच तर प्रभूने मागितलं होतं. माझं सगळं काम एका "हो"चं, आणि तेवढंही मी सांभाळलं नव्हतं.

आशिषला सगळं सांगायचं ठरवून घरी गेले, तर घरात आनंद. सुनीताने शिरा केलेला. आशिषने उंबऱ्यातच माझे हात धरले. "आई, हिंजवडीला झालं! इंटरव्ह्यू पास. आता फक्त मागच्या कंपनीत फोन करून खात्री करणार, की झालं." मी विचारलं, "कुठली मागची कंपनी रे?" तो जरा हसला, नजर चुकवून. "शांतवन सरांनी दिला ना अनुभवाचा दाखला. तुला म्हणाले नाहीत? ती निळ्या फोनवरची कंपनी." शिरा माझ्या हातात होता. तो कसा गिळला ते मला ठाऊक आणि देवाला.

दुसऱ्या दिवशी शांतवनसमोर उभी राहिले आणि म्हटलं, मला हे काम नको. त्याचा आवाज जराही चढला नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाला, "काकू, राहाबेने इस्राएलाच्या हेरांना लपवून तटाच्या भिंतीवरून खाली सोडलं, तेव्हा ती खोटंच बोलली ना? तरी तिचं नाव शास्त्रात विश्वासवीरांच्या यादीत आहे. गरीब पोरांना आपण भिंतीवरून खाली सोडतोय, असं समजा." बोलणं असं गुळगुळीत की क्षणभर मलाही पटलं. खरंच पटलं, लपवत नाही. ज्याला पोरगा आहे आणि पोरग्याला नोकरी नाही, त्याला काहीही पटतं. तो पुढे म्हणाला, "आणि जायचं तर जा. फक्त एक ध्यानात ठेवा. या टेबलावरच्या एकाही फोनवर माझा आवाज नाही. जे काही बोललंय, ते तुम्ही बोललाय." मग डबा उघडून मान खाली घातली आणि आभार मानले. सावकाश. अगदी सावकाश आमेन म्हणाला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आठवलं की आजही तळहाताला घाम येतो. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. बसमध्ये खाकी दिसली की तोंड खिडकीकडे. रात्री प्रार्थनेला बसले की "हे आमच्या स्वर्गातील पित्या"च्या पुढे जिभेला शब्द सुचेना. पोरीबाळींना जी प्रार्थना मी पाठ करून घेतली, ती मला आठवेना. आशिषला म्हटलं, "बाळा, तू स्वतःच नको म्हणून सांग त्यांना." तो म्हणाला, "आई, सगळेच करतात. मी कोणाचं काय चोरलं? काम मला येतंच. दार उघडायला तेवढा एक कागद लागतो." मी म्हटलं, "आणि तो कागद खरा आहे म्हणून सांगायला तुझी आई लागते." तर पोराने काय म्हणावं? "मग बरंच आहे की. घरचंच माणूस." हसण्यावारी नेलं त्याने. सुनीता भांडी घासत होती; तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचा हात थांबला होता.

एक वाट सोपी होती. कामच सोडायचं. मी गेले असते तर शांतवनने दुसरी कोणी बाई बसवली असती, निळा फोन तिने उचलला असता, "हो, होता" तिने म्हटलं असतं, आशिष नोकरीला लागला असता, आणि मी रविवारी चर्चमध्ये उजळ माथ्याने प्रभुभोजनाला पुढे गेले असते. या विचाराचं मला इतकं समाधान वाटलं, की तेवढ्यावरूनच मला संशय आला. प्रभूला क्रुसावर द्यायला सोपवताना पिलातानेही पाणी मागवून हातच धुतले होते. तरी मी सोडलं नाही ते काही शौर्य म्हणून नव्हे. शांतवनने घातलेली भीती होतीच, आणि निळा फोन दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये असंही वाटत होतं. का वाटत होतं ते त्या वेळी मला सांगता आलं नसतं. तिकडे जायचे, फोन वाजला की "साहेब जागेवर नाहीत, नंतर करा" म्हणायचे. तेही खोटंच, पण लहान मापाचं. आणि देवाकडे एकच मागायचे: माझा आवाज घालव. घसा बसव, ताप आण, काहीही कर. वाचा गेली की मला ठरवावं लागणार नाही. ज्या आवाजाच्या तोऱ्यावर मी आयुष्यभर मिरवले, तो जावा म्हणून आता बर्फाचं पाणी पीत होते. घसा काही बसला नाही. उलट सुनीता म्हणाली, "आई, तुमचा आवाज आज काय मोकळा लागलाय!"

फोन दुपारी आला. शांतवन माझ्यासमोर बसलेला, डब्यातली पोळी हातात. निळा वाजला तसा तो मान न उचलता म्हणाला, "घ्या, काकू."

पलीकडे एक मुलगी होती. आशिषच्या वयाचीच असेल. इंग्रजीत बोलत होती, पण इंग्रजीच्या आड मराठी ऐकू येत होतं, आमच्यासारखंच. हिंजवडीच्या कंपनीसाठी पडताळणी करतेय म्हणाली आणि तिने पूर्ण नाव घेतलं. पूर्ण. आशिष, मग माझ्या नवऱ्याचं नाव, मग आडनाव. यजमान गेल्यापासून मधलं ते नाव असं मोठ्याने कुणी माझ्याजवळ घेतलं नव्हतं. मी "हो" म्हटलं असतं, तर त्या मेलेल्या सरळ माणसालाही या टेबलाशी आणून बसवलं असतं.

"मॅडम, या व्यक्तीला आपण ओळखता का?" तिने विचारलं.

रविवारच्या शब्बाथ शाळेत मी मुलांना पेत्राची गोष्ट फार रंगवून सांगायचे. प्रभूला धरून नेलंय, अंगणात तो शेकत बसलाय, एक दासी येऊन विचारते, तूही त्याच्याबरोबर होतास ना, आणि हा एवढा दांडगा कोळी, एका पोरीला घाबरून म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. "कसला हा भित्रा!" असं मी मुलांना म्हणायचे आणि मुलं हसायची. त्या दुपारी पेत्राची मनोमन क्षमा मागितली. शांतवनची नजर माझ्या तोंडावर. मनात एकच वाक्य उमटलं, मागणं म्हणावं असं तेही नव्हतं: प्रभू, आता तूच बघ, मला जमत नाही.

आणि मग माझा आवाज बाहेर आला. खणखणीत, कारखान्यातला. "हो, मी त्याला ओळखते. तो माझा मुलगा आहे. चांगला मुलगा आहे. पण त्याने इथे एक दिवसही काम केलेलं नाही. इथे अशी कंपनीच नाही, बाई. एक टेबल आहे, त्यावर फोन आहेत, आणि मी आहे. मी याआधी तुम्हाला कुणाबद्दलही हो म्हटलं असेल, तर तेही खरं नव्हतं."

शांतवनचा घास हातातच राहिला. मला वाटलं आता ती ओरडेल, पोलिसांचं नाव घेईल. ती मराठीत बोलू लागली, हळू आवाजात. "मावशी, तुमच्यासमोर कोणी आहे का आत्ता?"

"आहे."

"मग ऐका फक्त. आधी तिथून बाहेर पडा. मी जे ऐकलं ते मला लिहावंच लागेल, उद्या सकाळी. पण मुलाला सांगा, आज ऑफिस बंद व्हायच्या आत स्वतः कंपनीत जाऊन खरं सांग म्हणावं. आम्ही पकडणं वेगळं आणि त्याने सांगणं वेगळं. जा, मावशी. घाबरू नका."

एवढ्यात शांतवनने भिंतीतून वायर उपसली. ओरडला नाही तो, तेव्हाही. म्हणाला, "काकू, स्वतःच्या पोराच्या पोटावर पाय दिलात." मी पर्स उचलली आणि निघाले. जिना उतरताना दोनदा बसावं लागलं. ती मुलगी कोण, कुठली, मला आजतागायत माहीत नाही. नाव विचारायचं सुचलं नाही. त्यानंतर कधी तिचा आवाज ऐकला नाही, आणि ऐकला तर तेव्हाच ओळखेन. मी काही म्हणत नाही. फक्त एवढंच सांगते, की "घाबरू नका" हे दोन शब्द शास्त्रात वरून आलेलं कोण कोणाला म्हणतं ते मला पाठ आहे.

पण खरी भीती पुढेच होती. शांतवनला मी घाबरले होते ते एका टेबलापलीकडून. आशिषला सांगायचं होतं ते डोळ्यांत बघून. सांगितलं. तो पांढरा पडला.

"तू असं कसं केलंस? स्वतःच्या आईने?"

"ती म्हणाली, आजच्या आज तू स्वतः जाऊन..."

"कोण ती? तुला भेटतात ते सगळे देवदूतच! शांतवनही देवदूतच होता ना?"

तो चपला घालून निघून गेला. कुठे, ते सांगितलं नाही. आमच्या घरामागून रेल्वेचे रूळ जातात. एरवी गाडी गेलेली आम्हाला कळतही नाही. त्या संध्याकाळी प्रत्येक गाडीची शिट्टी माझ्या छातीतून गेली. मोबाइल त्याने घरीच टाकलेला. सुनीता पोटावर हात धरून दारात उभी, आणि मी आत गुडघ्यांवर. ती आत येऊन मला बोलेल, शिव्या घालेल, याची वाट पाहत होते. ती आली आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "प्या आधी. मागायचं तर घशात ओल पाहिजे." मग माझ्याशेजारी खाली बसायची धडपड करू लागली, एवढ्या मोठ्या पोटाने. माझ्या मनात त्या वेळी ना पश्चात्ताप होता ना विश्वास. नुसतं, त्याला परत आण. नोकरी नको, मान नको, मला तुरुंगात घाल. त्याला परत आण.

दिवेलागण होऊन बराच वेळ गेल्यावर दारात बुटांचा नाही, चपलांचा आवाज आला. आशिष आत आला, हात धुतले, आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "हिंजवडीला जाऊन आलो. सांगितलं त्यांना." त्यांनी नोकरी परत घेतली. पण तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, स्वतः आलात म्हणून तुमचं नाव दुसऱ्या कंपन्यांना कळवत नाही. पुढे कधी नवशिका म्हणून अर्ज करा. एवढं बोलून तो जेवला आणि झोपला. माझ्याशी नंतर कित्येक दिवस बोलला नाही. "आईला वाढ", "आईला विचार", असं सगळं सुनीतामार्फत. ती बिचारी दोन हातांच्या अंतरावरून निरोप पोचवायची. मी एकदा म्हटलं, "सुनीता, खरी टेलिफोन ऑपरेटर आता तू." ती हसली, तो हसला नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन मी पोलीस चौकीत गेले. तिथले साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही आपणहून आलात. असे लोक यायला लागले तर आम्हाला घरी बसावं लागेल." माझं म्हणणं लिहून घेतलं, पुढे एक-दोनदा बोलावलं, आणि मला जाऊ दिलं. शांतवनने तोवर खोली रिकामी केली होती. त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहायची गरज नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करते. सुरुवातीला दात-ओठ खाऊन करायचे, आता जरा बरी होते.

लोक मला विचारतात, तेव्हा तुम्हाला एवढं धैर्य कुठून आलं? मी त्यांना सांगते, आलंच नाही. मी वाट बघत होते, की एकदा भीती गेली म्हणजे मग देवाच्या स्वाधीन होईन. भीती कुठेही गेली नाही. तसंच, सगळ्या भीतीसकट, मी स्वतःला त्याच्यापुढे टाकलं. मी मागितलं होतं की माझा आवाज काढून घे. त्याने तो ठेवला, आणि ज्यासाठी दिला होता त्यासाठी एकदाच का होईना वापरून घेतला. इतकी वर्षं मला वाटायचं, आवाज माझा आहे. तो माझ्याकडे ठेवायला दिलेला होता, इतकंच. या उपकाराची फेड माझ्याकडून होणारी नाही. म्हणून सांगत तरी राहते.

सुनीताला मुलगी झाली. आशिष अजून माझ्याशी मोजकंच बोलत होता. मांजरी गावात उसाच्या कामाची यंत्रं दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे, तिथे त्याने काम मागितलं. मालक जुन्या वळणाचे. त्यांनी कागद बघितलेच नाहीत. म्हणाले, तुला ओळखणाऱ्या एखाद्या माणसाचा नंबर दे, मी बोलतो. त्या संध्याकाळी मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. आशिष दारात आला. सुनीताला हाक न मारता, सरळ माझ्याकडे बघून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते:

"आई, उद्या मांजरीहून फोन येईल, माझ्याबद्दल विचारायला. मी घरचाच नंबर दिलाय. तू उचल. सुनीताला उचलू देऊ नकोस, ती माझी बाजू घेईल."